बांधाबांधाने मोजलेले पाचशे मीटर

बदलापूरच्या पुढे बारवी धरणाच्या रस्त्याला जायचं मी ठरवलं ते हवापालट म्हणून नव्हे. आमच्या कचेरीतल्या सुधीर गायकवाडला तिथले लोक एवढं डोक्यावर का घेतात, ते एकदा डोळ्यांनी बघायचं होतं. गोष्ट नव्वदच्या दशकातली. नवा कायदा आला होता: सार्वजनिक पिण्याच्या विहिरीपासून पाचशे मीटरच्या आत परवानगीशिवाय विहीर किंवा बोअर नको. अंतर मोजून शेरा लिहायचं काम आम्हा दोघांचं. मी टेप काढली की लोक तोंड फिरवत, सुधीरला मात्र खाट टाकून बसवत. साहेबसुद्धा त्याला नावाने हाक मारत आणि मला आडनावाने.

एप्रिलमध्ये एका पाड्यावरून तक्रार आली, शेजारचा बोअर सुरू झाल्यापासून विहीर आटतेय. त्या बोअरला मागच्या पावसाळ्यात सुधीरनेच 'अंतर पाचशे दहा मीटर' असा शेरा दिला होता. "शनिवारी जाऊन बघतो, तूही चल," तो म्हणाला. मी लगेच हो म्हटलं.

सकाळी उल्हासनगरात दाल पकवान खाऊन निघालो. तुम्हीही तसंच करा, पुढे दुपारपर्यंत धड काही मिळत नाही. दुकानदाराने सुधीरच्या ताटलीत न मागता डाळ वाढली. "साईं, तू लेता नहीं तो मैं नाराज होता," असं वर ऐकवलं. इतकी वर्षं तिथे खाणारा मी समोरच बसलो होतो.

अंबरनाथला शिवमंदिर बघायचं तर उन्हं चढायच्या आत बघा, नंतर दगडावर पाय ठरत नाही. वालधुनीचा वास तेवढा सोसावा लागतो. कोरीवकाम मन लावून बघावं तर फुलवाली सुधीरच्या मुलीच्या परीक्षेची चौकशी करत होती. माझं अर्धं लक्ष तिकडेच.

बदलापुरात बेलवलीजवळ स्कूटरची हवा भरली, उल्हास नदीचा पूल ओलांडला आणि रस्ता मोकळा झाला. दोन्हीकडे भात कापून उरलेली करडी शेतं, मध्येच एखादा हिरवा तुकडा. असाच एक तुकडा बाळाराम पाटलांचा, काकडी आणि भेंडीचा. बोअर त्यांचाच. पाड्यावर विमलताई वाट बघत होत्या. तक्रारीवर पहिला अंगठा त्यांचा.

"बावीत बघा ना, सायेब," त्या म्हणाल्या. तिकडे विहिरीला बाव म्हणतात. तळाशी परातभर पाणी होतं. "पोरी घागर टाकतान नि चिखल येतो. दोन दिसांनी तोपन येनार नाय."

"कागदावर अंतर बरोबर आहे, ताई," सुधीर म्हणाला. "पण मी परत बघतो."

बाळाराम पाटीलही आले. "मी परवानगी घेऊनच मारलाय बोअर," ते म्हणाले. तेही खोटं नव्हतं.

सुधीर कागद काढून बसला आणि मी सहज विहिरीपासून बोअरकडे चालत गेलो, कापलेल्या शेतातून सरळ. पाचशे पावलंसुद्धा झाली नाहीत. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. सुधीर आला होता तेव्हा भात उभं होतं. आमच्याकडे उभ्या भातात कुणी पाय घालत नाही, बांधावरूनच चालतात. हा पठ्ठ्या टेप घेऊन बांधाबांधाने वळणं घेत गेला होता आणि वळणांसकट आकडा लिहून मोकळा झाला होता. अंतर सरळ रेषेत मोजायचं असतं.

मला झालेला आनंद लपवत नाही. इतक्या वर्षांत त्याची पहिली चूक सापडली होती. तिथेच बोललो असतो तर त्याने तिथेच टेप धरली असती आणि संध्याकाळी बोअरची मोटर बंद झाली असती. पण मग ते पाहणारं कोण? विमलताई आणि पाटील. मला ते साहेबांसमोर हवं होतं. मी परत येऊन गप्प बसलो, पाटलांनी दिलेली काकडी खाल्ली. कागदांत चूक दिसेना, तरी सुधीर 'फेरमोजणी करावी' असं लिहून निघाला.

सोमवारी साहेबांच्या खोलीत मी सगळं सांगितलं, बांधांचा नकाशा काढून. सुधीरने नकाशा बघितला आणि म्हणाला, "बरोबर आहे. चूक माझीच."

मंगळवारी आम्ही सरळ मोजलं: तीनशे चाळीस. मोटर सील झाली. सुधीरने पाटलांची माफी मागितली, ते शिव्या देत राहिले, तो ऐकत राहिला. विहीर मात्र रविवारीच कोरडी पडली होती. बायका दोन दिवस नदीवरून हंडे आणत होत्या आणि विमलताईंच्या सुनेचा पाय उतारावर मोडला होता. सुधीर त्यांच्या दारात जाऊन बसला. मी रस्त्यावर स्कूटरजवळ थांबलो.

परतताना पुलावर त्याने विचारलं, "तुला कधी कळलं?"

"शनिवारी," मी म्हणालो.

हा विषय त्याने पुन्हा कधी काढला नाही.

घरी बायकोने विचारलं, "कशी झाली फेरी?" मी म्हटलं, माझं मोजमाप बरोबर निघालं. पुढच्या पावसानंतर बाव भरली. विमलताईंनी तांदळाच्या भाकऱ्या बांधून कचेरीत पाठवल्या, सुधीरच्या नावाने. त्याने अर्ध्या माझ्या टेबलावर ठेवल्या. मी खाल्ल्या, आणि तेव्हाही मला त्याचा हेवाच वाटला.