नख्लेची भिंत

नख्ले आमच्या ऐन-हवर गावचा भट्टीवाला. उजाडायच्या आधी भट्टी पेटवायची, थाइम या रानपाल्याची पूड, तीळ आणि तेल माखलेल्या रोट्या शेकायच्या आणि डोंगरातल्या वाड्यांना पोचवायच्या, हे त्याचे आयुष्यभराचे काम. तरुणपणी रोट्या पोचवायला त्याच्याकडे लाल अल्फा होती. दोन दारांची, दोनच माणसांची, शर्यतीची गाडी. कुणीतरी दरीत घालून चेपलेली ती गाडी त्याने घेतली आणि दोन हिवाळे खपून स्वतः सरळ केली. पत्र्यातला एक पोचा काढायला तो दिवस घालवी आणि हात फिरवून समाधान झाले नाही तर पुन्हा बसे. म्हणून मी त्याला मानतो. गाड्यांचे वेड असलेले पुष्कळ पाहिले. बहुतेकांचे वेड बोलण्यात संपते.

उन्हाळ्यात खालच्या पुलापासून आमच्या चर्चपर्यंत घाटात शर्यत होई. नख्ले ती कधी जिंकला नाही. तरी लोक चर्चच्या वळणावर त्याच्यासाठीच उभे राहत, कारण ते वळण तो ब्रेक न मारता घेई. बैरूतचे श्रीमंत गडी त्याच्या सीटचा वास घेऊन चिडवत, "काय रे, आज रोटी करपली का?" तो म्हणे, "तुमची गाडी धूर सोडत गेली की सगळंच करपतं."

मग युद्ध आले. नाक्यानाक्यावर बंदुका घेतलेली पोरे उभी राहू लागली. आवडेल ती गाडी त्यांची. मी गावचा गवंडी; एका संध्याकाळी नख्ले माझ्याकडे आला.

"मिस्त्री, ती कुणाला दिसता कामा नये."

त्याच्या घराखाली दगडी कमानीचे जुने तळघर आहे. पूर्वी तिथे गुरे बांधत. आम्ही गाडी अगदी मागे नेली आणि चारी चाकांखाली दगड लावून उचलून ठेवली. वदादशी त्याचे लग्न तेव्हा ठरले होते. तिने पिठाची पोती उसवून, जोडून, गाडीला अंगभर झूल शिवली. मी पुढे भिंत घातली. ती पोरे बंदुकीच्या दस्त्याने भिंती ठोकून बघत, पोकळ वाजली की फोडत. म्हणून दुहेरी दगड लावला, मध्ये खडी ठासून भरली आणि वरचा थर चपट्या कपच्या मारून कमानीला घट्ट भिडवला. शेवटी जैतुनाच्या काटक्यांची काजळी ताकात कालवून भिंतीला चोळली. नवी भिंत घरासारखीच म्हातारी दिसू लागली. पोरे दोनदा आली. ठोकून गेली. एकाने तर तिला टेकून बसून नख्लेची रोटी खाल्ली.

युद्ध थांबले तेव्हा मी हातोडा घेऊन गेलो. पण मधल्या काळात अंगणात एक गोळा पडला होता आणि कमान खाली बसली होती. मी भिंत ठोकून पाहिली. आवाज बदलला होता.

"नख्ले, ही आता लपवायची भिंत राहिली नाही. तुझं घर हिच्यावर उभं आहे. वदादचं स्वयंपाकघर बरोबर हिच्या डोक्यावर आहे."

त्याने तळवा भिंतीला लावला. "असू दे," म्हणाला.

मग वर्षे गेली. रोट्या पोचवायला त्याने एक छोटी गाडी घेतली. ती इतकी सावकाश चालवी की मागचे बकरीवाले हाका मारत, "ओ नख्ले, बाजूला हो, आमच्या बकऱ्यांना उशीर होतोय!" तळघरात तेल आणायला उतरला की तो त्या भिंतीला एकदा तळवा लावी. फक्त एकदा. मी कितीदा पाहिले आहे. गाडीबद्दल मात्र बोलत नसे.

गेल्या उन्हाळ्यात हौशी लोकांच्या जुन्या गाड्या घाटातून वर आल्या. मी आणि नख्ले चर्चच्या कठड्यावर भोपळ्याच्या बिया सोलत बसलो होतो. वळणाआड गाडी दिसायच्या आधी नुसत्या आवाजावरून तो तिचे नाव सांगत होता. एक चुकले नाही. मग त्याने हातातली बी खाली ठेवली. लाल अल्फा आली. तसलीच. वळणावर तिच्या मागच्या दिव्यांत उजेड पडला.

"ब्रेक मारला," नख्ले म्हणाला.

दुसऱ्या दिवशी तो माझ्या दारात. मी हत्यारे ठेवून बरीच वर्षे झाली होती.

"मिस्त्री, भिंत."

तळघरात मी त्याला सांगितले, "आधी एक ठरव. भिंतीत कमान माणसाच्या रुंदीची काढू की गाडीच्या? माणसाची असेल तर दोन टेकूंत होईल, वरचा चमचाही हलणार नाही. पण मग तू आत जाशील, गाडी बाहेर येणार नाही. गाडीची असेल तर चुना धरेपर्यंत अख्खं घर टेकूंवर राहील आणि वरचं स्वयंपाकघर रिकामं करावं लागेल. टिकेल, असं मला वाटतं. शपथ घालू नकोस."

वदाद जिन्यात उभी होती. "त्या पत्र्यासाठी माझी चूल टेकूवर? आणि आत उरलंय काय? गंज आणि उंदीर."

"उंदीर शिरणार कुठून?" नख्ले म्हणाला. "भिंत याने बांधलीय."

"आणि बसणार कसा तू? चर्चमध्ये गुडघे टेकलेस की उठवायला दोघं लागतात."

"मग त्यातच बसून राहीन. जेवण तिथे पाठव."

"माझं स्वयंपाकघर हलणार नाही," ती म्हणाली आणि वर गेली.

तेव्हा माणसाची कमान. मी बसून काम केले. उभ्याने आता जमत नाही. एक दगड सैल करायचा, पाचर मारायची, कान लावून ऐकायचे, मग पुढचा. घाई केली असती तर अर्ध्या वेळात झाले असते आणि वाया गेले असते. आतला शेवटचा दगड निघाला तेव्हा गार हवा बाहेर आली. चुन्याचा वास होता. नख्लेने पाठ फिरवली.

"आधी तू बघ."

मी विजेरी मारली. गाडी नव्हती. गाडीच्या आकाराचा पांढरा दगड होता.

दर हिवाळ्यात कमानीतून पाणी झिरपले होते. सांध्यांतला चुना घेऊन थेंब थेंब वदादच्या झुलीवर पडले होते आणि झूल दगड झाली होती. बोनेटवर एके ठिकाणी मेणबत्तीएवढा सुळका वाढला होता. बाकी सगळीकडे नखाएवढी जाड, एकसारखी साल. जन्मभर चुन्यात काम केले, पण इतका सारखा हात मला कधी देता आला नाही. मी टोपी काढली.

"काय आहे?"

"ये. बघ."

त्याने बराच वेळ पाहिले. "ही माझी?"

आम्ही आत शिरलो. दाराच्या कडेने मी बारीक छिन्नी चालवली, पत्र्याला लागू न देता. साल टरफलासारखी सुटून हातात आली. तिच्या आतल्या बाजूला पोत्याची वीण उमटली होती आणि वदादचा एकेक टाका. खाली लाल रंग होता. नख्लेने अंगठा फिरवला. लालच.

दार दोन्ही हातांनी ओढावे लागले. टपाला धरून, एक पाय आत, मग कण्हत दुसरा, असा तो बसला. सीटच्या शिवणीत तीळ अडकले होते. इंजिनाचे काय झाले असेल, ते आम्ही दोघांनीही विचारले नाही.

त्याने डोळे मिटले. उजवा हात गिअरवर गेला. दांडा अडला, मग हलला. पाय पेडलांवर चालू लागले. त्या घाटाचे कठडे मी बांधले आहेत, वळणे मला अंगावर कळतात. हा पूल. हे अक्रोडाचे झाड. ही पाण्याची टाकी, इथे तो नेहमी खालचा गिअर टाकी, तसाच टाकला. आवाज एवढाच, दांड्याची खटखट आणि त्याचा श्वास. चाके दगडांवर उचललेली, टायर बसलेले. तरी माझा हात आपोआप आधाराला भिंतीवर गेला. चर्चचे वळण आले. हातातले स्टिअरिंग जेमतेम बोटभर फिरले. मी त्याच्या पायाकडे पाहत होतो. तो ब्रेककडे गेला नाही.

वदाद भगदाडाशी कधी आली, कळले नाही. हातात कॉफीचे तबक होते. ते तिने खाली ठेवले आणि दाराची साल उचलून विजेरीच्या उजेडात धरली. आपल्याच टाक्यांवरून बोट फिरवत राहिली. नख्ले आत डोळे मिटून बसला होता, घाट चढून आलेल्या माणसासारखा धापा टाकत.

"वदाद," तो म्हणाला, "उठता येत नाहीये."

"बस तसाच," ती म्हणाली. मग माझ्याकडे वळली. "अबू जिर्यिस, माझी भांडी कधी हलवू?"

"आधी टेकूंचं लाकूड बघू दे," मी म्हणालो. "ओलं चालणार नाही."