चटणीतलं आळं

लातूर नवा जिल्हा झाला, तेव्हा मी चाकूर सोडून इथल्या कचेरीत लागलो आणि भाकरी सुटली. निवृत्तीनंतर रक्तात कोलेस्टेरॉल निघालं. डॉक्टर म्हणाले, तळलेलं बंद करा, जवस खा.

लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं, त्या दुष्काळात टँकरच्या रांगेशेजारी एक म्हातारी जवसाची चटणी विकायची. नाव मी विचारलं नाही. आधी चिमूटभर गिऱ्हाइकाच्या तळहातावर ठेवायची आणि त्याच्या तोंडाकडे बघत राहायची.

"औंदा जवस इकत आणलंय, रानात वल न्हाई," एकदा म्हणाली. "कशासंगं खाता?"

"चमचाभर, पाण्याबरोबर."

तिनं कपाळाला हात लावला. "औषध हाय का ते? भाकरीसंगं खावा. अंगठ्यानं आळं करा, त्यात थेंबभर करडईचं तेल. मायनं शिकवलं न्हाई व्हय?"

शिकवायची वेळच आली नव्हती. माय माझं ताट ओढून घ्यायची, चटणीत अंगठा दाबायची, तेल सोडून ताट परत सरकवायची.

त्या दिवशी सुनेला ज्वारीची भाकरी करायला सांगितली. चटणी वाढून घेतली आणि नकळत ताट पुढं सरकवून बसून राहिलो.

"काय वाढू, मामा?" सुनेनं विचारलं.