थुंकून पारखलेली जांभळाची वाईन

बरगीच्या रस्त्याला, डांबरी सोडून थोडे आत गेले की फळांपासून वाईन करणारा एक छोटा कारखाना लागतो. बाहेरून तो दूध डेअरीसारखा दिसतो. पत्र्याचे छप्पर, स्टीलच्या टाक्या, सतत ओली फरशी, क्रेटमध्ये उलट्या ठेवलेल्या रिकाम्या बाटल्या. माझी धाकटी बहीण तिथे वाईन करते.

तिथे तीन वाईन होतात. पेरूची पांढरी, जांभळाची गोड, आणि जांभळाची ड्राय, म्हणजे जिच्यात साखर उरू दिलेली नसते. तिन्ही स्वस्त. बिअर घेणाऱ्याने जरा विचार करून हीही घ्यावी, इतपतच किंमत राहिली पाहिजे, असा मालकांचा आग्रह असतो. पहिल्या दोन वाईन बहीण येण्याआधीपासून होत होत्या. तिसरी तिची. या हिवाळ्यात मालकांनी तिला सांगितले की ड्राय जांभूळ उचलली जात नाही. टाकीतला माल बाटल्यांत भरायचा की नाही, ते आता ठरवावे लागेल. भरला नाही तर पुढच्या हंगामापासून सगळे जांभूळ गोड वाईनमध्ये जाईल.

मी एका हिंदी दैनिकात शहराचे पान पाहतो. बाटलीमागच्या लेबलासाठी चार ओळी लिहून हव्या होत्या, म्हणून बहिणीने मला एका रविवारी नेले. आईने दोघांचा डबा दिला होता.

चाखण्याची पद्धत मला तिनेच शिकवली होती. ग्लास फिरवायचा, वास घ्यायचा, घोट तोंडात खेळवायचा आणि बादलीत थुंकायचा. मग पाण्याने चूळ भरून पुढची वाईन.

पेरूची वाईन नाकाशी धरली की बाजारातली पिकल्या पेरूंची टोपली आठवते. तोंडात मात्र तिचे पाणी होते. वास जेवढे कबूल करतो तेवढे चव देत नाही. खूप थंड करून, उन्हाळ्यात, या किमतीला चालेल. गोड जांभूळ सरळ आहे. रंग दाट, साखर पुढे, मागे थोडा आंबटपणा. सरबताची थोरली बहीण म्हणता येईल. ती आहे त्यापेक्षा मोठी असल्याचे दाखवत नाही, आणि पैसे वसूल होतात.

ड्राय जांभूळ वेगळीच होती. वासात जांभळाची साल आणि ओले लाकूड. जिभेवर आधी आंबट, मग तुरट, मग एकदम स्वच्छ. थुंकल्यानंतरही चव बराच वेळ राहिली. इतक्या स्वस्त बाटलीत इतकी रेखीव वाईन मी चाखली नव्हती, आणि तसे मी तिला सांगितले.

"अच्छा? लिही मग तसंच," ती म्हणाली. "काहून हसून राहिला?"

"तू परीक्षेला बसल्यासारखी उभी आहेस म्हणून."

"बसलेलीच आहे ना. निकाल भैयांकडे."

भैया म्हणजे मालक. माझ्या चार ओळी लिहून होईतो ते आले. पूर्वी ते सरबते विकत; बोलणे मऊ, हिशेब पक्का. मी लिहिलेल्या ओळी त्यांनी वाचल्या, मान डोलावली आणि कागद तिच्या हाती दिला.

"दीदी, भाईसाहब ने अच्छा लिखा है. पर होटलवाले वही बात बोल रहे हैं. पहला घूँट सबको पसंद आता है. आधा गिलास सब छोड़ देते हैं."

"लोगों को मीठा चाहिए, भैया. और क्या!"

"मीठा तो हम भी दे रहे हैं. जो ड्राय माँगता है, आधा वो भी छोड़ता है."

एवढे बोलून ते शहराकडे निघून गेले. संध्याकाळपर्यंत फोन करा, असे जाताना सांगून गेले.

आम्ही टाक्यांच्या बाजूच्या खोलीत डबा उघडला. मटाराची उसळ, पोळ्या, लोणचे. बहीण जेवत नव्हती. तिची बाटली समोर होती. मी तिला विचारले, हिचा एक पूर्ण ग्लास तू कधी प्यायली आहेस का?

"नाही," ती म्हणाली. "तुला माहीत आहे."

मला माहीत होते. आमचे आजोबा भंडाऱ्याकडून इथे, या हिंदी मुलखातल्या शहरात, फॅक्टरीत कामाला आले. त्यांच्या पिढीने धम्म स्वीकारला तेव्हा दारू सोडली. कुणी बंदी घातली म्हणून नव्हे, स्वतः ठरवून. मादक पदार्थ न घेण्याचे पाचवे शील आमच्या घरात वादाचा विषय कधीच नव्हते. फूड टेक्नॉलॉजी शिकलेल्या मुलीला बिस्किटांच्या कारखान्याऐवजी वाईनच्या कारखान्यात काम मिळाले, तेव्हा घरात काही आठवडे अबोला होता. तो थुंकण्याच्या पद्धतीने मिटला. चाखणे म्हणजे पिणे नव्हे, हे बहिणीने आईला पाण्याने भरलेला पेला आणि मोरी वापरून दाखवले होते. आई मग शेजारणींना सांगू लागली, "आमची पोरगी पीत नाही, थुंकते. थुंकायचा पगार घेते. चौकातल्या पानवाल्याच्या कानावर गेलं तर तिथली सगळी गिऱ्हाईकं अर्ज करतील."

म्हणून ती पीत नव्हती. बाकीचे वाईनवाले कामावर थुंकतात आणि घरी जेवताना पितात. तिच्याकडे या कामाचा फक्त पहिला अर्धा भाग होता. तिची वाईन एका घोटासाठी आणि त्यामागच्या चुळीसाठी तयार झाली होती. माझ्या चार ओळीही तशाच.

"मी पितो," मी म्हणालो. "पिऊन सांगतो."

"तू काय सांगशील दादा? कडू आहे की नाही, एवढंच ना? ते तर होटलवाले वर्षभर सांगून राहिले. मीच म्हटलं, यांना काय कळते." तिने बाटली जवळ ओढली. "साल आणि बी रसात किती दिवस ठेवायची, ते तुझ्या घशाला कळणार आहे का?"

तिने ग्लास भरला. चाखायला घेतात तेवढा नाही, वाढतात तेवढा. पोळीचा तुकडा उसळीत बुडवून खाल्ला आणि पहिला घोट गिळला. चेहऱ्यावर काही दिसले नाही. पुन्हा घास, पुन्हा घोट. ती औषध घेतल्यासारखी प्यायली नाही आणि आवडल्यासारखीही नाही. एखादे यंत्र चालू करून त्याचा आवाज ऐकावा, तशी ऐकत होती. निम्म्यावर आल्यावर तिने घास खाली ठेवला.

"इथं," ती म्हणाली. "इथं सोडून राहिले लोक."

"मग तूही सोड."

"नाही. पुढं काय होते ते पाहू दे."

उरलेला ग्लास तिने संपवला. नंतर सांगितले, ते असे. तुरटपणा प्रत्येक घोटाला वाढत जातो. जीभ खरखरीत होते आणि मटाराची चव मरते. जिभेवर नसलेला एक कडवटपणा गिळताना घशाशी लागतो. बिया रसात जास्त दिवस राहिल्या. तो कडवटपणा थुंकणाऱ्याला भेटतच नाही. वाईन बिघडलेली नव्हती. तिची रचनाच चुकली होती, आणि वर्षभर तिने दोष पिणाऱ्यांना दिला होता.

माझ्या ओळींचा कागद तिने उचलला आणि फाडला. मी हरकत घेतली नाही. त्यातला एकही शब्द खोटा नव्हता, पण एका घोटावर पूर्ण बाटलीची किंमत ठरवली होती.

मालकांना तिने तिथूनच फोन केला. ही टाकी आहे तशी बाटल्यांत भरू नका, गोड वाईनमध्ये थोडी थोडी मिसळून संपवा, असे तिने हिंदीत, कामाच्या आवाजात सांगितले. मग थांबून म्हणाली, पुढच्या हंगामात एक छोटी टाकी मला द्या, बी लवकर काढीन. पलीकडून काय आले ते मला ऐकू आले नाही. "ठीक है भैया, देखेंगे," एवढे तिने दोनदा म्हटले.

बसमध्ये ती खिडकीशी बसली. डोके जड झाले आहे का, असे मी विचारले. थोडे, म्हणाली. आमच्या वस्तीच्या थांब्यावर, चेरीतालला, उतरून घरी पोचेपर्यंत आम्ही आईला सांगायचे की नाही यावर बोललो नाही. तिने ठरवलेले असावे. दार उघडताच ती म्हणाली, "आई, आज मी वाईन प्याले. एक ग्लास. गिळून."

आईने आधी माझ्याकडे पाहिले, मग तिच्याकडे.

"कोणी पाजली?"

"कोणी नाही. स्वतःच."

"काहून?"

"माझीच वाईन मला कळत नव्हती. लोक सोडून राहिले होते. काय चुकलं ते थुंकून समजत नव्हतं."

आईचा एक हात दाराच्या कडीवर होता. ती रागावली असती तर सोपे गेले असते. ती रागावली नाही. तिने शांतपणे विचारले, "आता समजलं?"

"हो."

"सुधरवशील?"

"पुढच्या जांभळाला. टाकी मिळाली तर."

"आणि ती सुधरली की नाही, हे कसं कळेल तुला?"

बहीण उंबऱ्याबाहेरच उभी होती. एक चप्पल काढलेली, एक पायात. उत्तर तिघांनाही ठाऊक होते. शेजारच्या घरात टीव्ही चालू होता. आई बाजूला सरकली आणि तिला आत यायला वाट दिली. "दोघं हातपाय धुऊन घ्या," असे म्हणून ती स्वयंपाकघरात गेली. त्या रात्री जेवताना तिने बहिणीला कारखान्याबद्दल काहीही विचारले नाही. एरवी रोज विचारत असे.