बहाराआधीचा ताण

आमच्या घरात पोथ्या नव्हत्या, पत्रकं होती. वडील छापखान्यात जुळारी, शिशाचे खिळे जुळवणारे. संपांची, सभांची उरलेली पत्रकं ते घरी आणत आणि आई ती फडताळात अंथरायची. डाळीच्या डब्यांखालून मी वाचायला शिकले. एम.एस्सी.ला बकरीच्या अंडाशयावर काम करत होते, तेव्हाही माझी भाषा घोषणांचीच होती.

सकाळी कत्तलखान्यातून अंडाशय आणायचे, थर्मासमध्ये, मिठाच्या गार पाण्यात. त्यांतल्या पेशी काढून काचेच्या बशीत वाढवायच्या. काही बशांत इस्ट्रोजेन घालायचं, काहींत नाही, आणि पेशी प्रोजेस्टेरॉन किती बनवतात ते पाहायचं. थर्मास घेऊन मी आधी घरी यायची, पण आईने त्याला अंगणातल्या नळाच्या अलीकडे कधी येऊ दिलं नाही.

वहिनी नरखेडकडची, संत्र्याच्या बागेत वाढलेली. लग्नाला बरीच वर्षं होऊनही मूल नव्हतं. गोळ्या झाल्या, इंजेक्शनं झाली, पपई बंद झाली, सगळं तिचंच. शेजारच्या डोहाळजेवणात तिच्या दोन्ही बाजूंच्या बायकांना ओटी भरायला उठवलं, तिला नाही. घरी आल्यावर आई म्हणाली, "संक्रांतीनंतर हिले नरखेडले पाठवू. राहू दे काही दिवस." काही दिवस म्हणजे कायमचं, हे घरात सगळ्यांना कळलं. दादा वर्तमानपत्रातून वर बघेना.

दुसऱ्या दिवशी वहिनी थेट प्रयोगशाळेत आली.

"तू त्या बशीत काय घालतं वं?"

"इस्ट्रोजेन."

"मले दे ना थोडं."

मी तिला सूक्ष्मदर्शकापाशी बसवलं. "या पेशी ते स्वतःच बनवतात, वहिनी. ते बाहेर पडतं आणि परत याच पेशींना सांगतं, प्रोजेस्टेरॉन एवढ्यात बनवू नका. मी बशीत जास्तीचं घातलं की ते आणखी कमी होतं. बीज पिकून बाहेर पडलं की हा अडसर निघतो, मग प्रोजेस्टेरॉन वाढतं आणि गर्भाशय तयार होतं. पण हे बकरीचं, बशीतलं. तुझं औषध नाही हे."

तिने भिंगाला डोळा लावला.

"म्हणजे ताण देते." संत्र्याचं पाणी काही दिवस तोडतात, मग पाणी दिल्यावर फुलं येतात, त्याबद्दल ती बोलत होती. "आमचे बाबा बी देते. झाड सुकल्यावानी दिसते, पण आतून तयारी करून राहिलं असते. अन् बहार नाही आला, तं बाबा आधी विहिरीत डोकावते, पंप पाहते. एकट्या झाडालेच फवारे मारत नाही बसत." मग डोळा भिंगावरून न काढता तिने विचारलं, "तुह्या दादाले कोणी तपासलं काय?"

मी पेटलेच. "आजच पत्रक लिहिते! घरोघर वाटते!"

"वाट. मी ते वाचत वाचत नरखेडच्या गाडीत बसतो. घरात बोलशील काय, ते सांग."

रात्री जेवताना मी बोलले. आईने वरणाची पळी आपटली. "पुरुषाले कोणी तपासते काय? लाज विकून आली काय वं?"

वहिनी दादाच्या ताटात भाकरी वाढत होती. "मी जाईन नरखेडले. यायची तपासणी झाली का जाईन."

दादा ओरडेल म्हणून मी उत्तर तयारच ठेवलं होतं. तो ताटाकडे बघत म्हणाला, "मले भेव वाटते."



"मले बी वाटत होतं," वहिनी म्हणाली. "माह्या इंजेक्शनाच्या टायमाले तुमी दवाखान्याच्या फाटकापाशीच उभे राहत होते. मी आत येईन."

दोघं गेली. तपासणीत काय निघालं ते मी लिहिणार नाही. ते त्यांचं आहे. एवढंच सांगते, त्यानंतर मूल का नाही हा प्रश्न घरात कोणी वहिनीला एकटीला विचारला नाही. आई मात्र आमच्या दोघींशी बरेच दिवस फटकून होती.

संक्रांत झाली. वहिनीची ट्रंक माळ्यावरून खाली आली नाही. तिच्या बाबांच्या बागेतली संत्री उतरली तेव्हा ती दादाच्या मोटारसायकलवर मागे बसून नरखेडला गेली. त्याच संध्याकाळी आमचं फाटक वाजलं. आई माझ्याआधी उठून बाहेर गेली आणि वहिनीच्या हातातलं संत्र्यांचं पोतं तिने स्वतः आत घेतलं.