मेंडोलिनवरचे लाल ठिपके

मी शाळेत विज्ञान शिकवतो, त्यामुळे घरात कुणी मला दुरुस्तीचं काम सांगत नाही. मिक्सर बिघडला की बायको थेट कारागिराकडे जाते. पण त्या रविवारी मेंडोलिन साफ करायचं काम मी स्वतःहून अंगावर घेतलं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात, त्यातलाच प्रकार.

मेंडोलिन नानांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं. दीपनगरच्या वीजकेंद्रात कोळशाच्या पट्ट्यावर त्यांनी उभी नोकरी काढली आणि सुट्टीच्या दिवशी कॉलनीतल्या गायन पार्टीत मेंडोलिन वाजवलं. चौदा एप्रिलच्या जयंतीच्या आधी महिनाभर तर ते घरी फक्त जेवायला यायचे. त्या वाद्याला हात लावायची आम्हाला बंदी होती. नाना गेले तेव्हा मी मायला धुळ्याला माझ्याकडे आणलं. तिच्याबरोबर कपड्यांची एक पेटी आणि हे मेंडोलिन आलं. ते तिच्याच खोलीत खिळ्याला टांगलं.

वर्षभरानं नानांच्या स्मृतीसाठी पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला. लोक नानांबद्दल बोलले, मलाही भरून आलं आणि भरात मी उठून जाहीर केलं की नानांचं मेंडोलिन आपल्या मोहल्ल्यातल्या गायन पार्टीला देणार. टाळ्या पडल्या. माय पहिल्याच रांगेत बसली होती. ती काही बोलली नाही, आणि मी तिचं मौन म्हणजे होकार समजलो. आपल्या सोयीचं असलं की माणूस असंच समजतो.

पार्टीतले दोघं जण रविवारी संध्याकाळी न्यायला येणार होते. वस्तू द्यायची तर चकचकीत द्यावी, म्हणून जेवणं झाल्यावर मी गॅलरीत वर्तमानपत्र अंथरून बसलो. तारा सैल करण्याआधी सहज एक झटका मारला, तर सूर बरा लागला. वर्षभर कुणी न छेडलेलं वाद्य सुरात कसं, असा प्रश्न मला पडायला हवा होता. मला पडला तो एवढाच, की जुना माल किती दणकट असायचा. आठही तारा काढल्या आणि बोटं ठेवायची ती काळी लाकडी पट्टी उघडी पडली. तिच्यावरच्या आडव्या पितळी पडद्यांच्या कडेला मळ साचला होता. खानदेशच्या उन्हाळ्यानं लाकूड सुकून पांढुरकं झालं होतं आणि पडद्यांची टोकं बाजूनं बोटाला टोचत होती.

नाना ही पट्टी दर होळीनंतर कोरड्या फडक्यानं पुसायचे आणि जवसाच्या तेलाचं बोट फिरवायचे. मला ते कमी वाटलं. मी भांडी घासायच्या साबणाचं पाणी केलं, जुना टूथब्रश घेतला आणि घासायला लागलो. मळ छान निघाला. पण पट्टीवर बसवलेले पांढरे गोल ठिपके असतात ना, त्यातले वरचे तीन ठिपके, जे मला जुनाट पिवळे वाटत होते, ते बघता बघता लाल झाले. चांगले कुंकवासारखे लाल.

मी दरवर्षी सातवीच्या वर्गाला हळदीचा कागद करून दाखवतो. त्यावर साबणाचं पाणी टाकतो, तो लाल होतो आणि पोरं ‘ओऽ’ करतात. त्यामुळे ही हळद आहे हे मला तिथल्या तिथे कळलं. कळलं नाही ते एवढंच, की हळद मेंडोलिनवर आली कुठून? नाना स्वयंपाकघरात पाणी प्यायलाही जात नसत, पाणी त्यांच्यापाशी जायचं. जेवताना हात पिवळा होतो, पण तो उजवा. पट्टीवर बोटं ठेवतात ती डाव्या हाताची. डाव्या हाताच्या बोटांना हळद लागते ती जेवणाऱ्याच्या नाही, रांधणाऱ्याच्या.

तेवढ्यात माय मागे येऊन उभी राहिली. ‘‘काय करी ऱ्हायना रे भाऊ?’’

मी वळलो. तिची नजर लाल ठिपक्यांवर गेली आणि तिनं डावा हात पदराखाली घेतला. चोरी पकडलेल्या माणसानं घ्यावा तसा. सत्तरीच्या बाईनं, स्वतःच्या मुलासमोर.

‘‘माय, तू वाजवतेस?’’

‘‘नही रे,’’ ती म्हणाली. मग पदर सावरत, ‘‘कधी-मधी बसस उगी.’’

‘‘कधीपासून?’’

‘‘तू तिसरीमा व्हता.’’

मग तिनं सांगितलं, तेही मी खोदून खोदून विचारलं तेव्हा. माय पिंपळनेरकडची. तिच्या भावाकडे मेंडोलिन होतं, त्याच्याजवळ बसून ती लग्नाआधी थोडं शिकली होती. दीपनगरला नाना पहिल्या पाळीला गेले आणि आम्ही शाळेत गेलो की ती दार लावायची. डाळ चुलीवर चढवून, भाजी चिरून, तसल्याच हातानं मेंडोलिन काढायची. दोनचा भोंगा झाला की परत टांगायचं. हात धुवायला उठलं तर तेवढा वेळ वाया जायचा. निवृत्तीनंतर नाना पारावर जाऊन बसत, तेव्हा तिला तासभर मिळे. आणि धुळ्यात आम्ही दोघं नवरा-बायको नोकरीला गेलो की अकरापासून घर तिचंच. कालसुद्धा ती वाजवत बसली होती.

‘‘नानांना माहीत होतं?’’

‘‘काय मालूम,’’ ती म्हणाली. दीपनगरच्या घरातला खिळा नानांच्या उंचीचा होता. मेंडोलिन काढायला ती तेलाच्या डब्यावर चढायची. एक दिवस बघते तर खिळा हातभर खाली आलेला. नाना म्हणाले, खांदा दुखतो, हात वर जात नाही. ‘‘त्या दिवसपासून डबा लागना नही.’’

माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि मग चक्क राग आला, मेलेल्या बापाचा. खिळा खाली आणलात नाना, तसं तोंडही उघडायचं होतं! एकदा म्हणायचं होतं, बस इथे माझ्यासमोर आणि वाजव. एका छपराखाली दोघं इतकी वर्षं वाजवत होती आणि एकमेकांना ऐकवलं कधीच नाही. पण राग पुरता चढायच्या आत माझंच मला आठवलं. नानांनी निदान खिळा खाली घेतला होता. मी तर तिचं वाद्य तिच्यासमोर टाळ्या घेऊन वाटून टाकलं होतं.

‘‘मग त्या दिवशी बोलली का नाहीस?’’

‘‘माले कोन्ही इचारं?’’

तिच्या आवाजात तक्रार नव्हती. असती तर बरं झालं असतं.

माय आत गेली आणि अर्धं लिंबू घेऊन आली. ठिपक्यांवर लिंबू फिरवताच लाल रंग पुन्हा पिवळा झाला. हेही मी वर्गात दाखवतो. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा. ‘‘साबन नको लावत जाऊ,’’ एवढंच ती म्हणाली. ओल्या फडक्यानं तिनं पट्टी पुसली आणि थोडा वेळ वारा लागू दिला. मग तळहातावर जवसाचं तेल घेऊन एकेका पडद्याच्या मधून बोट फिरवलं. लाकूड तेल प्यायलं आणि काळंभोर झालं. डाव्या हाताच्या बोटांना घट्टे होते. ते मी वर्षभर रोज पाहत होतो आणि कामाचे समजत होतो. जास्तीचं तेल पुसून तिनं तारा चढवल्या. कुठली तार कुठल्या खुंटीला, हे तिला बघावं लागलं नाही.

मी पार्टीवाल्यांना फोन केला. म्हटलं, मेंडोलिन देता येत नाही, शब्द मोडतोय, माफ करा. वाजवणारं माणूस घरातच आहे. पलीकडून विचारलं, कोण? मी म्हणालो, माझी आई.

माय हे ऐकत होती. तारा लावून झाल्या तशी उठली. ‘‘थांब, हात धोई येस.’’

मोरीत ती बराच वेळ साबण लावत होती. पदराला हात पुसत आली आणि गॅलरीजवळच्या खुर्चीत बसली. मेंडोलिन मांडीवर घेतलं. रविवारची संध्याकाळ, जिन्यावर शेजाऱ्यांची ये-जा चालली होती. तिला संकोच वाटेल म्हणून मी दार लावायला गेलो.

‘‘नको,’’ माय म्हणाली, ‘‘उघडंच ऱ्हाऊ दे.’’