मयूरच्या पोटऱ्या

माझ्या मयूरच्या पोटऱ्या भरल्या म्हणून मी मारुतीला नारळ फोडला होता.

पाच वर्षांचा होता तेव्हा. बाकी अंग काडीसारखं, पोटऱ्या मात्र टणक, गोल. कतारगामच्या आमच्या बिल्डिंगमधल्या गुजराती बायका म्हणायच्या, छोकरो पहेलवान थवानो, पोरगा पैलवान होणार.

स्वतःच्या पोळीला मी तूप लावत नव्हते. त्याच्या भातावर ओतायचे.

जिना चढताना तो गुडघ्यांवर हात टेकायचा. मी आळशी म्हणायचे त्याला.

मग डॉक्टरांनी सांगितलं. ती ताकद नाही, चरबी आहे. स्नायू झिजतोय, त्याच्या जागी चरबी भरतेय. जीनमधला दोष. माझ्याकडून आलेला.

मी मॅट्रिक. जीन म्हणजे काय ते मला माझ्या लेकीने, दीपालीने, वहीत चित्र काढून समजावलं.

पुढे ती रिसर्चला परदेशी गेली. विषय काय, तर मांसासाठी पाळलेल्या गुरांच्या स्नायूत चरबी कशी धरते. स्नायूतल्या पेशीला ‘तू चरबी हो’ असं कोणता जीन सांगतो.

गाय पुजणारं घर आमचं. दोन महिने मी तिच्याशी धड बोलले नाही.

मयूर तेव्हा व्हीलचेअरवर. म्हणाला, "मम्मी, तिकडे मांसात चरबी भरावी म्हणून लोक केवढी धडपड करतात. मला बघ, घरबसल्या मिळाली."

मला हसू आलं नाही. मग तोच हळू म्हणाला, "ते चालू करायचं बटण शोधतात. ताई बंद करायचं शोधतेय. तिच्यावर रागावू नको."

दर रविवारी व्हिडिओ कॉलवर त्याचं एकच, ताई, सापडलं का? तीही कधी खोटं बोलली नाही. शेवटच्या कॉलला म्हणाली, थोडं कळलंय, पण थांबवता येत नाही अजून.

"आरामात शोध," तो म्हणाला. "मी कुठे पळून जातोय?"

आठ दिवसांनी श्वासाच्या स्नायूंनीही साथ सोडली. एकोणीस वर्षांचा होता.

आज वसुबारस. तिथीने वर्ष झालं.

लेकरांच्या आयुष्यासाठी करतात हा उपवास. मयूर झाल्यापासून एकदाही चुकवला नाही. आजही केला, दीपालीसाठी.

संध्याकाळी गायीच्या पायावर पाणी घातलं आणि काय मागावं तेच सुचेना. वासरू तिला ढुशा देत होतं. माझ्या लेकीला माफ कर म्हणू, की तिला लवकर सापडू दे म्हणू?

दोन्ही म्हटलं.

बाळा, ताई अजून शोधतेय.

तू आता पळ.