दार लावून जेवण

सत्तरच्या दशकात कारंज्याच्या पुढच्या एका खेड्यातल्या सरकारी दवाखान्यात मी नर्स होते. नोकरीच्या तिसऱ्या वर्षी माझं अन्न तुटलं. भाकर तोंडाशी नेली की पुवाचा वास यायचा. साबणाने हात कितीही घासा, वास जायचा नाही. डॉक्टर म्हणायचे, "सिस्टर, ही सेवा आहे." त्या शब्दाचीच मला किळस यायला लागली. एवढं सांगून साहेब घरी जेवायला जायचे आणि त्यांच्या फाटकाशी शिपाई उभा राहायचा.

माझी खोली दवाखान्याला लागून, दार सताड उघडं. आमच्याकडे दार लावून जेवणं म्हणजे चोरून खाणं, हे आईने लहानपणीच अंगी भिनवलेलं. त्यामुळे मी ताट वाढून घेतलं की लोक थेट उंबऱ्यात. कोणी पायाची चिघळलेली पट्टी सोडून दाखवायचा, कोणी पोराच्या हगवणीचा रंग सांगत बसायची. मी रीतीप्रमाणे "या जेवाले" म्हणायचे. पण आम्ही बौद्ध, हे गावाला ठाऊक होतं. "आताच जेवून आलो, बाई." माझ्या हातचं पाणीसुद्धा नको, जखम तेवढी माझ्या हातात. शी!

वाळून काडी झाले तेव्हा नोकरी सोडायचं ठरवलं. घरात पगार आणणारी मी एकटीच.

"काहून सोडून राह्यली तू?" घरी गेले तेव्हा आईने विचारलं.

"मले जेवल्या जात नाही."

तिला ते कारणच वाटलं नाही.

राजीनामा देणार त्याच्या आदल्या दुपारी चून-भाकर, म्हणजे पिठलं-भाकर, घेऊन बसले होते. गावाबाहेर वांगी-मेथी लावणारा एक जण आला आणि माझ्या ताटाजवळ त्याने पळसाचं पान उलगडलं. पोराच्या पोटातून पडलेले जंत.

"पाहा ना बाई, जिते हायेत अजून!"

मी ताडकन उठले, त्याला बाहेर काढलं आणि कडी लावली.

"बाई, दार काहून लावलं?"

"मी जेवून राह्यली! जेवन होयेपर्यंत कोनी यायचं नाही!" मी किंचाळलेच.

आता हा गावभर बोंब मारणार, म्हणून कानोसा घेतला. बाहेर दुसरं कोणी आलं होतं. तो त्यांना सांगत होता, "बसा तिकडं. बाई जेवून राह्यली."

मी जेवले. चुनाला चुनाचाच वास होता. आणखी अर्धी भाकर घेतली.

मग दार उघडलं, ते ओंगळ पान हातात घेतलं, नीट पाहिलं आणि पोरासाठी औषध दिलं. माझं पाणी त्याने पुढेही कधी घेतलं नाही.

गावाने नावं ठेवलीच. बाई दार लावून काय काय खाते, याच्या गोष्टी पार कारंज्यापर्यंत गेल्या. जाईनात का! निवृत्त होईपर्यंत मी रोज कडी लावून पोटभर जेवले, आणि कडी काढल्यावर समोर येईल ती घाण पाहिली.